फिल्म गेलेली नाही, पत्ता चुकला आहे!



नायगाव, नरसी, बिलोली, देगलूर या पट्ट्यात लग्नसराई आणि जयंतीचा हंगाम म्हणजे व्हिडीओवाल्यांची सुगी. एप्रिल-मे महिन्यांत आज मंगल परिणय, उद्या मिरवणूक, परवा गायनाचा सामना असे चालते; कॅमेरा खांद्यावरून खाली उतरत नाही. या धंद्यात आपल्या वस्त्यांतील तरुण पुष्कळ आहेत. कोणी उसनवारी करून कॅमेरा घेतला, कोणी जुना कॉम्प्युटर घेऊन घरच्या घरी एडिटिंग शिकला. हाताला काम आणि चार पैसे मिळाले, आनंदाची गोष्ट आहे.

पण या कामात एक दिवस असा उगवतो की मुलाच्या तोंडचे पाणी पळते. आठ रात्री जागून लग्नाची फिल्म जुळवलेली असते. सकाळी कॉम्प्युटर उघडावा, तर पडद्यावर वर नाही, वधू नाही, पाहुणे नाहीत. जिकडे तिकडे एकच पाटी, ‘मीडिया ऑफलाईन’. मुलीचा बाप दारात उभा. त्याने मजुरीतून पैसे साठवून शूटिंग सांगितलेले असते, त्याला ऑफलाईन-ऑनलाईन काय समजणार? तो म्हणतो, “आमच्या पोरीचं लगीन गेलं का रे बाबा?”

बहुतेक वेळा गेलेले नसते. कसे ते या वेळी पाहू. धंदा करणाऱ्याने तर हे वाचावेच, पण घरात मोबाईलवर व्हिडीओ जोडणारी मुले-मुली असतील त्यांनाही वाचून दाखवावे.

ज्याला एडिटिंगचा प्रोजेक्ट म्हणतात, ती फाईल असते किती मोठी? बहुधा थोड्याशा एमबीची. आणि शूटिंग किती मोठे? सेकंदाला पन्नास मेगाबिट या वेगाने कॅमेरा भरत असेल तर एका तासाला सुमारे साडेबावीस जीबी होतात. चार तासांचे नव्वद जीबी. दोन कॅमेरे लावले तर एकशे ऐंशी. आता एकशे ऐंशी जीबीचे सामान दोन-चार एमबीच्या पिशवीत मावेल काय? मावणार नाही. प्रोजेक्ट फाईलमध्ये चित्र नसतेच मुळी. तिच्यात फक्त लिहून ठेवलेले असते की ‘ई’ ड्राइव्हवर अमुक फोल्डर आहे, त्यात अमुक नावाची क्लिप आहे, तिच्यातील तिसऱ्या मिनिटापासून दहा सेकंद घ्यावेत, त्यावर अमुक गाणे लावावे. ती नुसती पत्त्यांची वही आहे. आपण प्रोजेक्ट उघडला की कॉम्प्युटर त्या वहीतील एकेका पत्त्यावर जाऊन क्लिप घेऊन येतो आणि आपल्याला वाटते फिल्म प्रोजेक्टमध्येच आहे.

गावाकडचा माणूस हैदराबादला कामाला जातो, तेथे खोली बदलतो आणि घरी कळवायचे राहून जाते. मग पत्र जुन्या खोलीवर जाते आणि परत येते. माणूस सुखरूप असतो, पत्र तेवढे पोहोचत नाही. क्लिपचे तसेच होते. आपण फोल्डरचे नाव बदलले, क्लिप एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवली, गाणे पेन ड्राइव्हवरूनच वापरले आणि तो पेन ड्राइव्ह मित्र घेऊन गेला, की पत्ता चुकला. सर्वांत फसवे कारण ड्राइव्हच्या अक्षराचे. बाहेरची हार्ड डिस्क आज ‘एफ’ दिसते. उद्या तिच्याआधी दुसरा पेन ड्राइव्ह लावला तर तीच डिस्क ‘जी’ होऊन बसते. वहीत लिहिले आहे ‘एफ’. डिस्क समोर टेबलावर, क्लिपा त्यात जशाच्या तशा, तरी पडदा लाल!

हा घोर कॉम्प्युटरने नव्याने आणला असे कोणी समजू नये. पूर्वी रिळावर चित्रपट व्हायचे तेव्हा मूळ निगेटिव्हला संकलक हात लावीत नसे. तो तिची दुसरी प्रत काढून ती कापी-जोडी. फिल्मच्या काठावर बारीक नंबर छापलेले असत. जुळणी पक्की झाली की त्या नंबरांवरून मूळ निगेटिव्हचा नेमका तेवढाच तुकडा शोधून कापला जाई. आज आपण ज्याला रिलिंक म्हणतो, त्याचे ते थोरले भावंड. आणि त्या डब्यांवर कागद चिकटवून नाव-तारीख लिहिणारा सहायक नसेल, तर भल्या भल्या दिग्दर्शकाचे काम अडून राही. आपल्याकडे मोठमोठ्यांची नावे झाली, त्या डबेवाल्या सहायकांची कोणी विचारपूस केली नाही, असो.

जपून ठेवलेल्या रिळाचे मोल काय असते, त्याचे उदाहरण आपल्या समाजाच्या दुःखातलेच आहे. ११ जुलै १९९७ रोजी मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात, बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा जणांचा बळी गेला. त्यानंतर चार दिवसांनी लोकशाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपविले. चित्रपटकार आनंद पटवर्धन तेव्हापासून चित्रण करीत राहिले आणि चौदा वर्षांनी, २०११ साली, ‘जय भीम कॉम्रेड’ पूर्ण झाला. घोगरे यांना पटवर्धनांनी पूर्वी गाताना टिपले होते, ते ‘हमारा शहर’ या झोपडपट्टीवासीयांवरील १९८५ सालच्या चित्रपटात. तेच गाणारे घोगरे ‘जय भीम कॉम्रेड’मध्ये पुन्हा आपल्यासमोर येतात. मधली पंचवीस वर्षे मोजा. रीळ गेले, कॅसेट आली, कॅसेट गेली, हार्ड डिस्क आली. चित्रण जपलेले होते आणि हाताला लागले, म्हणून त्या माणसाचा चेहरा आणि आवाज पुढच्या पिढीला मिळाला. त्याच्याही आधी, ७ डिसेंबर १९५६ रोजी, नामदेव व्हटकर यांनी पदरमोड करून बाबासाहेबांची अंत्ययात्रा चित्रित केली नसती, तर तो जनसागर आज आपल्याला डोळ्यांनी पाहता आला असता काय?

आपल्या नांदेड जिल्ह्याचे पाहा. नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ चा. त्यानंतर मराठवाड्यात जे घडले, त्यात याच जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांचा बळी गेला. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले, आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. त्या वेळी वीस वर्षांचा असलेला १९७८ चा तरुण आज पासष्टी ओलांडून गेला आहे. अनेक गावांतील मुलांनी या वडीलधाऱ्यांच्या आठवणी मोबाईलवर, कॅमेऱ्यावर टिपून ठेवल्या आहेत. फार मोलाचे काम. परंतु ती क्लिप कोठे आहे विचारा! एक मोबाईलमध्ये, एक कोणाच्या तरी लॅपटॉपवर, एक व्हॉट्सअॅपवर पाठवलेली आणि तेवढ्यापुरती बारीक झालेली. लग्नाची फिल्म बिघडली तर भांडण होईल, पैसे परत द्यावे लागतील. म्हाताऱ्या आजोबांची मुलाखत गेली, आणि आजोबाही गेले, तर ती कोणाकडून परत मागणार?

म्हणून आधी ठेवायची पद्धत सांगतो, मग हरवल्यावर शोधायची.

एका कामाचा एकच मोठा फोल्डर करावा. त्याला आईचा फोल्डर म्हणा. त्या कामाचे जे जे काही असेल ते तिच्याच पोटात राहील: क्लिपा, फोटो, गाणी, माईकवर वेगळा घेतलेला आवाज, नावाच्या पाट्या, आणि प्रोजेक्ट फाईलसुद्धा. गाणे ‘डाऊनलोड’मध्ये, फोटो डेस्कटॉपवर, असा पसारा नको. आधी गाणे आईच्या फोल्डरमध्ये कॉपी करावे, मगच प्रोजेक्टमध्ये घ्यावे. पुढे कॉम्प्युटर बदलायचा झाला तर हा एक फोल्डर उचलला की सगळा संसार बरोबर आला.

नाव देताना वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. म्हणजे ‘२०२५_०४_१४’ असे. दिवस आधी लिहिला तर कॉम्प्युटर सर्व वर्षांच्या चौदा तारखा एका ठिकाणी गोळा करतो आणि कोणती जयंती कोणत्या साली ते कळेनासे होते. तारखेपुढे गाव आणि प्रसंग. गाव लिहिताना जिल्हाही लिहावा. हसू नका, ‘नायगाव’ एवढेच लिहिले तर कोणते नायगाव? आपले नांदेडचे आहे. सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी झाला ते सातारा जिल्ह्यातील. मुंबईला दादरजवळ बीडीडी चाळींचे नायगाव आहे, वसईकडे आणखी एक आहे. आपल्याकडची मंडळी ३ जानेवारीला साताऱ्याच्या नायगावला जाऊन शूटिंग करून आली आणि तोही फोल्डर ‘नायगाव’ झाला, तर दोन वर्षांनी कोण निवडत बसणार? फोल्डरची नावे इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत ठेवलेली बरी; काही सॉफ्टवेअरला देवनागरी नावाचा रस्ता नीट वाचता येत नाही.

आता कॅमेऱ्याच्या क्लिपांची नावे. कॅमेरा आपल्या मनाने ‘सी ०००१’, ‘सी ०००२’ असे नंबर देतो आणि नवे कार्ड घातले की पुष्कळदा पुन्हा एकपासून सुरू करतो. दोन कॅमेरे असले तर दोघांकडेही ‘सी ०००१’. एका फोल्डरमध्ये ओतले तर कॉम्प्युटर विचारतो, जुनी बदलून नवी ठेवू काय? घाईत ‘हो’ म्हटले की एक क्लिप कायमची गेली. म्हणून प्रत्येक कार्डाला वेगळा फोल्डर: कॅमेरा १ कार्ड १, कॅमेरा १ कार्ड २, कॅमेरा २ कार्ड १. कार्डामधील फोल्डर जसेच्या तसे संपूर्ण उचलावेत, आतील एकच फाईल निवडून घेऊ नये. काही कॅमेरे लांबलचक शूटिंगचे आपणहून तुकडे करतात आणि ते कसे जोडायचे ती माहिती शेजारच्या छोट्या फाईलमध्ये ठेवतात. ती राहिली तर जोडावर आवाज तुटतो. क्लिपांना नवी नावे द्यायचीच असतील तर एडिटिंग सुरू करण्यापूर्वी द्या. एकदा जुळणी सुरू झाली की नावाला हात लावायचा नाही.

‘कट’ करून ‘पेस्ट’ करू नये, ‘कॉपी’च करावी. मध्येच लाईट गेली तर कट केलेला माल ना इकडचा ना तिकडचा होण्याचा धोका असतो. आपल्याकडे लाईटचा भरवसा किती ते सांगायला नको.

एवढे करूनही पडदा लाल झाला तर? सर्वप्रथम प्रोजेक्ट फाईलची एक प्रत वेगळ्या नावाने करून ठेवा आणि प्रयोग त्या प्रतीवर करा. मग सॉफ्टवेअर जी खिडकी उघडते ती शांतपणे वाचा. घाईत ती बंद करणारेच जास्त! त्या खिडकीत हरवलेल्या क्लिपचा जुना पत्ता लिहिलेला असतो: ड्राइव्हचे अक्षर, फोल्डर, नाव. अर्धे उत्तर तेथेच आहे. बाहेरची डिस्क लावायची राहिली असेल तर लावा. डिस्क आहे पण अक्षर बदलले असेल, तर विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये जाऊन तिला तिचे जुने अक्षर परत द्या. सर्व क्लिपा एका क्षणात परत येतात, एकही जोडावी लागत नाही. फोल्डरचे नाव कोणी बदलले असेल तर तेही पूर्ववत करून पाहा. या दोन उपायांनीच पुष्कळ घरांतील रडारड थांबते.

तेवढ्याने भागले नाही तर नवा पत्ता लिहून द्यावा लागतो. प्रीमियरमध्ये ‘लिंक मीडिया’च्या खिडकीतून ‘लोकेट’ दाबून एक क्लिप दाखवावी. ‘रिलिंक अदर्स ऑटोमॅटिकली’वर खूण असेल तर त्याच फोल्डरमधील बाकीच्या क्लिपा ते स्वतः शोधून घेते. दा विंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरची एक आवृत्ती फुकट मिळते. त्यात क्लिपा निवडून उजवे बटण दाबले की ‘रिलिंक’ येते, मग आईचा फोल्डर दाखवावा. एडियसवर काम करणारे आपल्याकडे खूप. तेथे ‘रिस्टोअर’ शब्दाखाली हीच सोय आहे. शब्द वेगळे, काम एकच: वहीतील पत्ता दुरुस्त करणे.

येथे एक सावधगिरी. जोडणी झाली म्हणजे बरोबर झाली असे नाही. सारख्या नावाची दुसरीच क्लिप जोडली गेली, तर वधू-वर पंचशील घेत असताना पडद्यावर आचाऱ्याची कढई दिसू लागते. तेवढे झाले तर निदान लक्षात तरी येते. पण दोन कॅमेऱ्यांच्या क्लिपा जवळपास सारख्या असतील, तर ओठ एक बोलतात आणि आवाज दुसरा येतो, आणि ते पार्टीच्या घरी टीव्हीवर गेल्यावर कळते. म्हणून रिलिंक केल्यानंतर फिल्म एकदा आरंभापासून शेवटपर्यंत पाहावी. क्लिपची लांबी मूळ क्लिपइतकीच आहे ना ते तपासावे. व्हॉट्सअॅपवरून परत मागवलेली क्लिप मुळीच जोडू नये. तिचे नावही बदललेले असते आणि चित्रही दाबून लहान केलेले असते. अगदीच दुसरा इलाज नसेल तर गोष्ट वेगळी.

आणि क्लिप खरोखरच पुसली गेली असेल तर? तेथे रिलिंकचा काही उपयोग नाही. पत्ता दुरुस्त करायला घरात माणूस तर हवा! मात्र ज्या कार्डावर शूटिंग झाले ते कार्ड त्या क्षणी बाजूला काढावे, त्यावर नवीन काही भरू नये. पुसलेली फाईल तिच्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत पुष्कळदा आत शिल्लक असते. ‘फोटोरेक’सारखी फुकट साधने ती बाहेर काढू शकतात. परंतु जुनी नावे परत मिळत नाहीत, भलतेच आकडे मिळतात, आणि मोठ्या व्हिडीओचे तुकडे कार्डभर विखुरलेले असले तर ते चालतीलच असे नाही. मग एकेक क्लिप उघडून, पाहून, वेळ आणि आकार ताडून ओळख पटवावी लागते. अशा वेळी शूटिंगच्या दिवशी लिहिलेली साधी वही देवासारखी नव्हे, भावासारखी धावून येते. कार्ड नंबर, किती वाजता काय घेतले, कोण बोलले. ही वही शूटिंगवाल्यानेच लिहावी असे नाही; बरोबर गेलेली बहीण, भाऊ, शाळकरी मुलगाही लिहू शकतो. वडीलधाऱ्यांच्या मुलाखतीत तर बोलणाऱ्याचे पूर्ण नाव, गाव आणि तारीख त्यांनाच सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर सांगायला लावावे. मग फाईलचे नाव गेले तरी क्लिप स्वतःची ओळख स्वतः देते.

कार्ड केव्हा फॉरमॅट करावे? दोन वेगवेगळ्या डिस्कवर प्रत झाल्यावर आणि त्या प्रती उघडून पाहिल्यावर. त्याआधी नाही, दुसऱ्या दिवशी दुसरे लग्न असले तरी नाही. एक कार्ड जास्तीचे घ्यावे, ते स्वस्त पडते. शक्य तेथे तिसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवावी: मामाकडे, मावशीकडे, नांदेडच्या भावाकडे. दोन्ही डिस्क एकाच कपाटात ठेवल्या आणि घरात पाणी शिरले तर दोन असून शून्य. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात ८ जानेवारी २००३ रोजी लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्मची रिळे जळून गेली. सरकारी जपणुकीतला ठेवा असा जाऊ शकतो, तर आपल्या पत्र्याच्या खोलीचे काय!

सगळेच शूटिंग जन्मभर सांभाळा असे मी म्हणणार नाही. एका टीबीच्या डिस्कमध्ये दोन कॅमेऱ्यांची अशी पाचच लग्ने बसतात. हातावर पोट असणाऱ्याने डिस्का तरी किती घ्याव्यात? लग्नाचे कच्चे शूटिंग किती महिने ठेवणार ते पावतीवरच लिहून द्यावे, मुदतीआधी पार्टीला फोन करावा, हवे तर त्यांनी आपली डिस्क आणून घेऊन जावे. मुलाखती आणि सभा यांचे मूळ शूटिंग मात्र पुसू नये. घरात पडून असलेल्या व्हीएचएस कॅसेटही याच रांगेत आणाव्यात. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली व्हीसीआर बनवणे थांबवले. चालू मशीन दिवसेंदिवस दुर्मीळ होत आहे.

काम दुसऱ्याकडे पाठवताना नुसती प्रोजेक्ट फाईल पाठवू नये. प्रीमियरमध्ये ‘प्रोजेक्ट मॅनेजर’, रिझॉल्व्हमध्ये ‘प्रोजेक्ट आर्काइव्ह’, एडियसमध्ये ‘कन्सॉलिडेट’ ही सोय सर्व क्लिपा एका जागी गोळा करून देते. पेन ड्राइव्हवर मोठी फाईल जात नसेल तर तो ‘फॅट ३२’ पद्धतीचा असतो, त्यात चार जीबीपेक्षा मोठी फाईल मावत नाही. रिकामा करून ‘एक्सफॅट’ करून घ्यावा. अक्षरांचेही असेच. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये वधू-वरांची नावे लिहिली आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला, तर चांगल्या नावांची अगम्य खिचडी होते. युनिकोडमध्ये लिहावे, नाहीतर पाटीचे चित्र करून तेच वापरावे.

आता मोबाईलवाल्या ताई-दादांसाठी. काइनमास्टर, इनशॉट यांच्यातील प्रोजेक्टही बहुधा गॅलरीतील क्लिपांच्या पत्त्यांवरच चालतो. मेमरी भरली म्हणून घरातील कोणी गॅलरी साफ केली की अर्धवट जोडलेला व्हिडीओ पोकळ होतो. म्हणून काम चालू असलेल्या क्लिपा गॅलरीत वेगळ्या अल्बममध्ये ठेवाव्यात, घरात सर्वांना तसे सांगून ठेवावे, आणि फोन विकण्यापूर्वी किंवा दुरुस्तीला टाकण्यापूर्वी पुरा झालेला व्हिडीओ व मूळ क्लिपा दोन्ही केबल लावून कॉम्प्युटरवर उतरवून घ्याव्यात. स्वतःचा कॉम्प्युटर नसेल तर गावातील स्टुडिओवाल्याकडे डिस्क घेऊन जावे. अर्ध्या तासाचे काम आहे, तो नाही म्हणणार नाही.